उंबराखालचा दुसरा ढेकूण

मी फार बोलणारा माणूस नाही. माझं एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत समोरच्याचा चहा संपतो, असं आमचा शकील म्हणतो. पण किश्श्यांचं एक बरं असतं, ते शोधायला जावं लागत नाही. एका खोलीत चार माणसं आणि एक पंखा एवढं असलं की कपाटामागच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. झाडून काढले तरी पुढच्या सोमवारी पुन्हा तेवढेच!

आमची खोली म्हणजे सोलापुरातल्या एका कॉलेजचं प्राणिशास्त्राचं खातं. मी तिथं शिपाई होतो. सातवीपर्यंत शाळा केली, मग झाडू हातात घेतला तो रिटायर होईपर्यंत. कॉलेजात शिपायाला सगळे मामा म्हणतात, तसा मी सगळ्यांचा मामा. खात्याच्या प्रमुख कस्तुरे मॅडम, स्वभावानं कडक, पण पोरांनी डबा खाल्ला का ते रोज विचारणार. शकील लॅब असिस्टंट, तोंडाचा फटकळ, मनाचा मऊ. आणि रेणुका, पीएचडी करायला आलेली पोर. विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, आणि किड्यांशी काय बोलायची ते मला कधी कळलं नाही.

आता शकील आणि मी संध्याकाळी सात रस्त्याला चहाला भेटतो. परवा तो म्हणाला, "मामा, ते ढेकणाचं लिहून काढा की."

"मला कुटं लिव्हायला येतंय?"

"बोलण्यापेक्षा जोरात लिहिता!"

म्हणून लिहितोय.

* * *

सुरुवात झाली ती डब्यातून. कॉलेजच्या मागच्या अंगाला एक जुनं उंबराचं झाड आहे. कॉलेजात उंबर तेवढा एकच. त्याच्या सावलीला रेणुका दुपारी जेवायला बसायची. एके दिवशी तिनं अशी किंकाळी फोडली की शकील लॅबमधून काठी घेऊनच धावला.

"कुटं हाय साप?"

"साप नाही शकीलभाई, ढेकूण!" रेणुका भाकरीकडं बोट दाखवत होती, आणि हसत होती.

शकीलनं काठी खाली टेकवली. "ढेकणापायी बोंब मारलीस? आमच्या गल्लीत ये, पोतंभर देतो!"

पण हा अंथरुणातला ढेकूण नव्हता. त्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. हा रक्त पीत नाही. झाडाखाली पडलेल्या फळांतल्या बिया शोषतो आणि पालापाचोळ्यात लपून राहतो. अंगानं तांदळाच्या दाण्याएवढा, रंगानं काळपट, पाठीवर फिकी नक्षी. रेणुकानं तो बाटलीत धरला आणि मॅडमकडं नेला. दोघींनी दोन दिवस पुस्तकं उलटीपालटी केली. शेवटी मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं आणि चष्मा पुसत बसल्या.

"रेणुका, सोलापूर बेट आहे का?"

"नाही मॅडम."

"पुस्तक म्हणतं, हा किडा फक्त बेटांवर सापडतो. गरम समुद्रातल्या बेटांवर."

शकील दारात उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, हितं नळाला पाणी चार दिसांनी येतंय. समुद्र कुठला आणताय!"

मॅडमनी फोटो काढून पुण्याच्या लोणकर साहेबांना पाठवले. किड्यांच्या या घराण्यातला शेवटचा शब्द त्यांचा, असं म्हणतात. साहेबांचं उत्तर एका ओळीत आलं. एकटा किडा कुणाच्याही सामानातून येतो, दुसरा दाखवा.

हा दुसरा म्हणजे रेणुकाचं सगळं काही होता. दुसरा सापडला तर किडा सोलापूरचा, आणि तिचा अभ्यास पुरा. नाही सापडला तर केलेलं सगळं बाजूला ठेवून नवा विषय घ्यायचा. आणि घरात तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की हे वर्ष शेवटचं, मग टॉवेलच्या दुकानात बसायचं.

* * *

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "मामा, आजपासून उंबराखाली झाडायचं नाही. किडा कचऱ्यातच राहतो. पान हलवायचं नाही."

मी "बरं" म्हटलं. पण खरं सांगतो, मला झोप लागेना झाली. इतकी वर्षं ज्या हातानं झाडलं तो हात सकाळी आपोआप झाडूकडं जायचा. मी झाडाखाली जाऊन नुसता उभा राहायचो आणि परत यायचो.

आठवड्यात उंबराखाली घोट्याएवढा पाचोळा झाला. फुटलेली फळं, त्यांच्यावर माश्या. प्रिन्सिपल सर फेरीवर आले. सर भला माणूस, पण स्वच्छतेचं त्यांना वेड.

"मामा, हात दुखतोय का?"

"न्हाय सर."

"मग हे काय?"

"मॅडमनी कचरा राखायला सांगितलाय."

"कचरा राखायला?"

"व्हय सर. मी राखतोय."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, "मामा, रिटायरमेंटला किती राहिलं हो तुमचं?"

दुसऱ्या दिवशी झाडाला पाटी आली. 'येथे कचरा करू नये. हुकुमावरून.' मॅडमनी ती वाचली. दुपारी तिच्याखाली दुसरी पाटी लागली. 'येथील कचरा उचलू नये. प्राणिशास्त्र विभाग.'

त्या दोन पाट्यांसमोर बारावीचा एक पोरगा वेफर्सचं रिकामं पाकीट घेऊन बराच वेळ उभा होता. शेवटी माझ्याकडं आला.

"मामा, हे मी खाऊन टाकू का?"

* * *

उंबर म्हणजे दत्ताचं झाड. ऑफिसातल्या महानंदाबाई दर गुरुवारी तिथं उदबत्ती लावून प्रदक्षिणा घालायच्या. अक्कलकोटकडच्या त्या, बोलताना मध्येच कानडी यायचं.

रेणुकाला गुरुवार-शुक्रवार काही नव्हतं. ती रोज सकाळी झाडाखाली गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पानाखाली पान बघत सरकायची. ओढणी डोक्यावरून घट्ट बांधलेली, म्हणजे केसांत मुंग्या जाऊ नयेत.

महानंदाबाईंनी तीन गुरुवार हे बघितलं. चौथ्या गुरुवारी त्या लायब्ररीतल्या दोघी बायकांना बरोबर घेऊन आल्या. मी जवळच कुंड्यांना पाणी घालत होतो.

"बघा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एवढीशी पोर. अख्खी प्रदक्षिणा लोटांगणानं. आपण नुसत्या चालतो."

दोघींनी हात जोडले. एकीनं रेणुकाच्या डोक्याजवळ नारळ ठेवला. दुसरीनं तिच्या पाठीवरच जास्वंदीचं फूल वाहिलं. रेणुकाला पत्ता नाही.

महानंदाबाईंचे डोळे भरून आले. त्या खाली वाकल्या. "बाळ, एवढं काय मागतीयास गं देवाकडं?"

रेणुकानं मान वर केली नाही. पान उलटत म्हणाली, "ढेकूण."

"अय्यो!" महानंदाबाई दोन पावलं मागं सरल्या. लायब्ररीतल्या बाईंनी नारळ हळूच उचलून परत पिशवीत घातला!

* * *

मग रेणुकानं कुठंतरी वाचलं की असले किडे सुक्या बिया खायला येतात. तिनं मातीच्या बशा आणल्या, त्यांत सोललेले शेंगदाणे घातले आणि उंबराभोवती गोल मांडल्या. किडा दाण्याला येईल, आपण बशीत धरू.

दुसऱ्या दिवशी बशा बघतो तर दाणे निम्मे! रेणुका उड्या मारायला लागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे. चौथ्या दिवशी तिनं कागदावर आलेख काढला. मॅडम म्हणाल्या, "एवढे दाणे खाणारे किडे म्हणजे शेकड्यांनी असणार. मग दिसत का नाहीत?"

शकीलवर सगळ्यांचा संशय. त्यानं कानाला हात लावले. "आई शप्पथ, मला दाण्यानं पित्त होतं!"

पाचव्या दिवशी सकाळी रेणुका आणि मी मेंदीच्या कुंपणाआड बसलो. कॉलेज अजून उघडायचं होतं. थोड्या वेळानं पावलं वाजली. प्रिन्सिपल सर. त्यांनी झाडापुढं चपला काढल्या, दत्ताला हात जोडले, पहिल्या बशीतले चार दाणे उचलून डोळ्यांना लावले आणि तोंडात टाकले. मग दुसऱ्या बशीतले. मग तिसऱ्या. प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत प्रसाद निम्मा झाला. जाताना एक मूठ खिशात, बहुतेक घरच्यांसाठी.

रेणुका वही मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मामा, ह्यांची नोंद कशी करू?"

मी जरा विचार केला. "पंख न्हाईत, एवढं लिही."

* * *

किडा धरायचं एक साधन असतं. काचेची नळी, तिला रबराची नळी. एक टोक किड्यावर धरायचं, दुसरं तोंडात, आणि ओढायचं. किडा वाऱ्यानं आत येतो आणि काचेत पडतो. मध्ये जाळीचा तुकडा असतो, म्हणजे किडा तोंडात येऊ नये. शकीलनं त्या दिवशी नळी धुतली आणि जाळीचा तुकडा ओट्यावरच राहिला.

उंबराखाली रेणुका ओरडली, "शकीलभाई, ते बघा! मुळाजवळ! ओढा!"

शकीलनं ओढलं.

काचेत काहीच आलं नाही. शकील मात्र उभ्या जागी ताठ झाला. डोळे मोठे झाले. मग त्याचा कंठमणी एकदा वर गेला आणि खाली आला.

"गेला," तो म्हणाला.

"कुठं गेला?"

शकीलनं पोटावर हात ठेवला.

मला वाटलं, पोर त्याला पाणी देईल, पाठ चोळेल. रेणुकानं त्याचे दोन्ही दंड धरले. "कसा होता? पाय किती लांब होते? पाठीवर नक्षी होती का?"

"अगं नक्षी कशी दिसणार मला? आत अंधार हाय!"

आवाज ऐकून मॅडम आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी कुणी त्याची चौकशी करेल.

"शकील," मॅडम म्हणाल्या, "वास आला का? या घराण्यातले किडे घाण वास सोडतात."

शकीलनं जीभ फिरवली. "आला की! लई वास!"

मॅडम आणि रेणुकानं एकमेकींकडं बघितलं. त्या बघण्यात एवढी आशा होती की शकील घाबरला.

"ओ मॅडम! मला असं बघू नका! तुमचा दुसरा ढेकूण असला तर असला, मी पुण्याला जाणार न्हाय!"

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला, रात्री जेवायला काय करू म्हणून. फोन रेणुकानंच घेतला.

"भाभी, शकीलभाईंना आज काहीच देऊ नका."

तो मुंगळा होता का ढेकूण, हे आजपर्यंत कुणालाच ठाऊक नाही. शकील मात्र चहाच्या टपरीवर छाती काढून सांगतो, "बेटावरचा मेवा खाल्लेला सोलापुरात मी एकटाच!"

* * *

रेणुकाचे वडील एक दिवस खात्यात आले. नाना म्हणायचे त्यांना. घरी यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल विणायचे. अंगावर कापसाचे तंतू घेऊनच आले. पोरगी ज्याच्यासाठी घरी यायला उशीर करते तो किडा एकदा बघू द्या, म्हणाले. आवाजात राग होता. रेणुका कोपऱ्यात कपाटाला टेकून उभी राहिली.

मॅडमनी मायक्रोस्कोप लावून दिला. नाना वाकले. मला वाटलं, दोन मिनिटांत उठतील आणि पोरीला घेऊन जातील. पण नाना उठेनात. एक डोळा दुखला की दुसऱ्या डोळ्यानं बघायचे. बोटं टेबलावर हलत होती, जणू धागे मोजतायत.

शेवटी वर बघितलं. "मॅडम, ह्याच्या पाठीवर जी नक्षी हाय, ती विणता येती."

महिन्याभरानं ते चादरीचा एक तुकडा घेऊन आले. तांबड्या जमिनीवर काळा ढेकूण, हाताच्या पंजाएवढा, पायाच्या काट्यांसकट! आम्ही सगळे बघतच राहिलो. एवढंच, की ढेकूण एका बाजूला होता. दुसरी बाजू मोकळी.

"हितं काय येणार नाना?" मी विचारलं.

"दुसरा सापडला की विणतो. तोवर माग तसाच ठेवलाय." रेणुकाकडं न बघता ते म्हणाले.

रेणुका खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मीही मग उगाच बरण्या पुसायला लागलो.

चहा झाल्यावर शकीलनं हळूच विचारलं, "नाना, वहिनी काय म्हणाल्या चादर बघून?"

नानांनी कप खाली ठेवला. "बोलत न्हाय माझ्याशी. म्हणाली, लोक ढेकूण जावा म्हणून चादरी उन्हात टाकत्यात, आणि तुमी ढेकूण विणून द्यायला लागलाय!"

* * *

आणि मग लोणकर साहेब आले.

साहेबांना विजापूरला काहीतरी काम होतं. जाता जाता सोलापुरात थोडा वेळ थांबतो, झाड बघतो आणि तिथंच रिपोर्ट लिहून देतो, असा निरोप आला. म्हणजे निकालच. वर्ष संपत आलं होतं आणि दुसरा किडा काही सापडला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "निदान पाचोळा तर दाखवू. साहेब जाणते आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर एखादा निघालाच तर..."

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. रेणुका माझ्याआधीच आलेली. उंबरासमोर उभी होती, पण पुढं जात नव्हती. मी जवळ जाऊन बघितलं.

उंबराखाली एक पान नव्हतं.

जमीन झाडून, पाणी मारून चोपून काढलेली. बुंध्याला गेरू. आणि मधोमध मोठी रांगोळी, 'सुस्वागतम्'.

प्रिन्सिपल सर हात मागं बांधून उभे होते. चेहरा आनंदानं फुललेला. "काय मामा! पहाटेपासून श्रमदान शिबिराची पोरं लावली. पुण्याचे पाहुणे येणार म्हटल्यावर कचरा दाखवायचा का?"

मॅडम आल्या. "सर, तो पाचोळा कुठाय?"

"घंटागाडीत! एक काडी मागं ठेवली नाही!"

सरांना वाटलं, मॅडम आता आभार मानतील. मॅडम तशाच लॅबकडं वळल्या. रेणुका रांगोळीच्या कडेला खाली बसली आणि ओल्या जमिनीवरून बोट फिरवत राहिली. मी तिला पाण्याचा तांब्या आणून दिला. तिनं घेतला, पण प्याली नाही. मला एकच वाक्य सुचलं, "बाळ, ऊठ. ऊन लागंल." तेवढंच बोललो.

साहेब आले. उंच, गोरे, कडक इस्त्रीची पांढरी पँट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. झाडासमोर उभे राहिले, रांगोळी बघितली.

"इथं सापडला?"

"हो सर," रेणुका म्हणाली.

"या अंगणात? इथं तर मुंगी पण पाय पुसून येत असेल!"

प्रिन्सिपल सरांना ते कौतुक वाटलं. ते वाकून "थँक यू सर" म्हणाले.

लॅबमध्ये आल्यावर साहेबांनी बाटलीतला पहिला किडा भिंगातून बघितला. किडा तोच आहे, हे त्यांनी मान्य केलं. मग किड्याखालची चिठ्ठी वाचली. 'उंबराखाली, सोलापूर.' त्यांनी मान हलवली.

"पोरी, एक गोष्ट कायमची लक्षात ठेव. किड्याची किंमत त्याच्या लेबलात असते. नेमकी जागा पाहिजे. कुठल्या बाजूला, कुठल्या भिंतीजवळ. कुणी पकडला, आणि पकडला तेव्हा तो काय करत होता. सगळं. हे नसेल तर माझ्या वडिलांनी आणून दिलेला किडाही मी घेणार नाही."

"हो सर."

"हा तुझ्या डब्यातून आला असेल, कुणाच्या पिशवीतून आला असेल. मी हो कसं म्हणू?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वाईट वाटत असावं, कारण चहा त्यांनी दोनदा घेतला. वर मॅडमनी आग्रह केला म्हणून ताक. वर उन्हाचं म्हणून लिंबू सरबत. मग थोड्या वेळानं ते उठले आणि शकीलच्या कानाशी लागले.

शकीलचा चेहरा पडला. स्टाफचं टॉयलेट साहेबांसाठीच आदल्या दिवशी रंगवलेलं, आणि कुणी हात लावू नये म्हणून कुलूप. चावी प्रिन्सिपल सरांकडं, आणि सर हार आणायला गेलेले. "थांबा सर, आत्ता आणतो," म्हणत शकील दोनदा जिना उतरून चढून आला. साहेबांना आता थांबवेना.

शेवटी शकील खाली मान घालून म्हणाला, "सर, सायकल स्टँडच्या मागं... भिंत हाय. तिकडं कुणी येत न्हाय."

साहेब गेले. थोड्या वेळानं परत आले. आल्यावर जरा मोकळे वाटले. खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला, खिशातून पेन काढलं आणि रिपोर्ट लिहायला लागले. 'एकाच नमुन्यावरून' इथपर्यंत लिहिलेलं मी चहाचे कप उचलताना वाचलं.

रेणुका समोर खाली मान घालून उभी होती. खाली मान होती, म्हणूनच तिला दिसलं.

ती एकदम गुडघ्यावर बसली. साहेबांच्या पायांशी.

साहेब गडबडले. "अगं, ऊठ, ऊठ! पाया पडून शास्त्र बदलत नाही!"

"सर, हलू नका."

"काय?"

"हलू नका सर!"

हा आवाज मी रेणुकाचा पूर्वी कधी ऐकला नव्हता. साहेब पुतळ्यासारखे बसले. मी बघितलं. साहेबांच्या बुटाला उंबराची वाळकी पानं चिकटलेली, फुटलेल्या फळाचा लगदा लागलेला. आणि पांढऱ्या पँटीवरून, इस्त्रीच्या घडीच्या बरोबर रेषेनं, तांदळाएवढा एक काळा किडा गुडघ्याकडं चाललेला.

शकीलनं माझ्याकडं बघितलं, मी शकीलकडं. घंटागाडी दहाच्या आत कधी येत नाही, हे आम्हा दोघांनाही तेव्हा आठवलं; पोरांनी पाचोळा सायकल स्टँडमागच्या भिंतीशीच ओतला होता.

रेणुकानं काचेची बाटली गुडघ्यावर पालथी घातली. किडा आत. मग तिनं श्वास रोखून दुसऱ्या पायाशी पँटीची दुमड उलगडली. तिथं आणखी एक. याला पंख फुटायचे होते.

"पिल्लू," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरून बसल्या. "रेणुका, पिल्लू आहे गं!"

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. एक बाटली बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली. त्यांचे कान लाल होत गेले. पिल्लू सामानातून येत नाही, ते इथंच जन्माला येतं. हे मला कुणी सांगितलं नाही, साहेबांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी लिहिलेला कागद टराटरा फाडला, उभे राहिले आणि रेणुकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझा किडा सोलापूरचा. लिहून देतो."

रेणुका रडत होती, हसत होती आणि डोळे पुसता पुसता ड्रॉवरमधून कोरं लेबल काढत होती. टेबलाशी बसली, पेन उघडलं.

"पकडणारे, लोणकर सर," तिनं लिहिलं. मग अगदी सरळ मनानं वर बघितलं. "जागा, सर?"

तेवढ्यात दार उघडलं. प्रिन्सिपल सर धापा टाकत आत आले. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात चावी. "सॉरी सर, लई उशीर झाला! चला, टॉयलेट उघडतो!"

साहेबांनी घसा साफ केला.

"कॉलेजचं आवार... एवढं चालेल."

"नाही सर," रेणुका म्हणाली. "नेमकी जागा पाहिजे. आणि तुम्ही तेव्हा काय करत होता, तेही."